धामणीचं वाकडं लाकूड आणि धनुष्य: गाठ ठेवावी की सरळ पट्टी काढावी?

कुळागरी | १४ जानेवारी

नमस्कार मंडळी.

गेल्या पावसात आमच्या कुळागराच्या (सुपारीच्या बागेच्या) वरच्या बांधावरची धामण (झाड) वार्‍याने आडवी झाली. रीतसर परवानगी काढून ती हलवली. फांद्या सरपणाला गेल्या, बुंध्याचा सहा फुटांचा सोट मात्र मी बाजूला ठेवला. करवत न लावता पाचरी मारून तो उभा फोडला, दोन्ही तोंडांना ऑइलपेंट फासला आणि मांगराच्या (शेतघराच्या) माळ्यावर सावलीत ठेवला.

फोडल्यावर लाकडाचा खरा स्वभाव दिसला. एका टोकापासून हातभर आत ते उजवीकडे झुकतं, मग परत डावीकडे येतं आणि नेमकं त्या वळणावर सुपारीएवढी गाठ आहे. गाठ जिवंत आहे, म्हणजे सैल नाही, लाकडाशी एकजीव आहे. साल काढलेल्या बाजूने पाहिलं की धागे त्या गाठीला दोन्हीकडून वळसा घालून पुढे जाताना स्पष्ट दिसतात.

गावातल्या मेस्तांना (सुतारांना) दाखवलं. ते म्हणाले, "हे चुलीत घाल. धनुष्यच करायचं तर मी सागाची सरळ पट्टी रंधून देतो." मेस्तांचा हात गावात सगळ्यांत चांगला आहे, त्यामुळे त्यांचं बोलणं मी हलक्यात घेत नाही. पण मला वाटतं की या लाकडातून सरळ पट्टी काढायची तर त्याचे धागे जागोजाग कापावे लागतील. धनुष्याची ताकद धाग्यात असते. मग वळण आणि गाठ ठेवूनच धनुष्य का करू नये?

ओढ, म्हणजे दोरी पूर्ण ओढायला लागणारा जोर, ४० पौंडांच्या आसपास हवी. वापर फक्त नेमबाजीसाठी. मागे डोंगराची उभी दरड आहे, त्यामुळे बाण भलतीकडे जाण्याची भीती नाही. ज्यांनी अशा लाकडावर हात चालवला आहे त्यांनी सविस्तर लिहावं.

मीनल_फोंडा | १४ जानेवारी

विषय आवडला. वाचतेय.

पेडणेकार | १४ जानेवारी

सागाची पट्टी नको. साग दारं-खिडक्यांना राजा, पण वाकवायला धामणच. जुन्या लोकांनी कुर्‍हाडीचे दांडे, गाडीच्या दांड्या, खांद्यावरच्या कावडी, वल्ही यांना धामण उगाच वापरली नाही. दणका खाते, वाकते आणि परत जागेवर येते.

डिचोलीकर | १४ जानेवारी

एवढा खटाटोप कशाला? बांबू घ्या. आपल्याकडे माणगा मुबलक आहे, बुडाकडे जवळजवळ भरीव असतो. फोडला, कांडी साफ केली, दोन दिवसांत धनुष्य तयार. शिवाय कायद्याची कटकट नाही. वनाबाहेर लावलेला बांबू २०१७ च्या दुरुस्तीनंतर भारतीय वन कायद्यात झाड धरला जात नाही.

सुताराचो_पूत | १५ जानेवारी

कुळागरी, तुमचं म्हणणं बरोबर आहे आणि मेस्तांचंही चूक नाही. टेबलाच्या लाकडाबद्दल ते बोलले असते तर शंभर टक्के खरं होतं. टेबलाचं लाकूड पडून असतं, धनुष्याचं ताणलं जातं. फरक तिथे आहे.

धनुष्य ओढलं की लक्ष्याकडची बाजू, तिला मी पाठ म्हणतो, ताणली जाते. आपल्याकडची बाजू, म्हणजे पोट, दाबली जाते. पाठीवरचा धागा एका टोकापासून दुसर्‍या टोकापर्यंत अखंड असेल तर तो ताण सोसतो. मध्येच कापला गेला असेल तर तिथून कूस उठते आणि धनुष्य एक दिवस तोंडाजवळ फुटतं. करवतीने काढलेल्या सरळ पट्टीत नेमका हाच धोका. पट्टी डोळ्यांना सरळ दिसते, आतले धागे मात्र तिरके बाहेर पडलेले असतात.

म्हणून आखणी धाग्यामागून करायची. पेन्सिल घेऊन पाठीवर मध्यरेषा काढा, पण पट्टी लावून नाही. धागा उजवीकडे गेला की रेषा उजवीकडे, डावीकडे आला की डावीकडे. तुमचं धनुष्य वरून बघताना नागमोडी दिसेल. दिसू दे. अट एकच. एका टोकाच्या खाचेतून दुसर्‍या टोकाच्या खाचेपर्यंत दोरी ताणली की ती मुठीवरून जायला हवी. मधली वळणं दोरीच्या या बाजूला त्या बाजूला गेली तरी चालतं. दोरी मुठीच्या बाहेर पडत असेल तर मात्र धनुष्य हातात फिरतं. तसं असेल तर ती भुजा (मुठीच्या वरचा किंवा खालचा अर्धा भाग) वाफेवर धरून, शिकंज्यात आवळून जागेवर आणावी लागेल. जाडीच्या दर इंचाला तासभर वाफ, हा ढोबळ हिशोब.

गाठीचं उद्या लिहितो. वर्कशॉपमध्ये गिर्‍हाईक आलंय.

वनमित्र_सांगे | १५ जानेवारी

चर्चेचा धागा चांगला आहे, तरी एक गोष्ट सुरुवातीलाच लिहून ठेवतो, कारण उद्या कोणीतरी हे वाचून रानात कोयता घेऊन जाईल. गोवा, दमण व दीव वृक्ष संरक्षण कायदा १९८४ चा आहे. खासगी जमिनीतलं झाड तोडायलाही परवानगी लागते. कुळागरींनी ती घेतली, त्यांचं अभिनंदन. नेत्रावळी किंवा खोतीगावच्या अभयारण्यातून तर पडलेली काठीही आणायची नाही. आणि धनुष्य तयार झाल्यावर ते कुठल्याही प्राण्या-पक्ष्यावर रोखायचं नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी आहे.

कुळागरी | १५ जानेवारी

वनमित्र, पूर्ण सहमत. गवताची पेंढी आणि त्यावर कागद, एवढंच लक्ष्य.

रानवेडा_काणकोण | १५ जानेवारी

डिचोलीकर, बांबूबद्दल थोडं वेगळं मत आहे. बांबू उत्तमच, पण "दोन दिवसांत" नाही. कोवळा बांबू घेतला तर तो वाकलेलाच राहतो. निदान तीन वर्षांचा, पावसाळा सरल्यावर तोडलेला हवा. नाहीतर पिठूळपणामुळे घुण लागतो आणि महिन्याभरात खाली पिवळी पूड दिसायला लागते. आमच्याकडे तोडलेले बांबू ओहोळाच्या वाहत्या पाण्यात बुडवून ठेवतात ते त्यासाठीच. आणि बांबूची वरची हिरवी साल हीच त्याची पाठ. ती कधीही तासायची नाही. सगळं काम आतल्या बाजूने.

डिचोलीकर | १५ जानेवारी

मान्य. तरी नवशिक्याने पहिलं धनुष्य बांबूचंच करावं हे माझं मत कायम. लाकूड मोडलं की जीव जळतो, बांबूचा दुसरा तुकडा बेटात उभाच असतो.

गोंयकार_पुण्यात | १५ जानेवारी

शिवधनुष्य का मोडलं ते आज कळलं. रामाने भुजांचा तोल न बघता एकदम पूर्ण ओढलं :)

मीनल_फोंडा | १५ जानेवारी

:) जनकाने दोन्ही तोंडांना ऑइलपेंट लावला नव्हता असंही म्हणता येईल.

थोडं अवांतर, पण विषयाला धरून. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आयुधागाराच्या प्रकरणात धनुष्याची चार द्रव्यं दिली आहेत: ताड, बांबू, लाकूड आणि शिंग. दोरीसाठी मूर्वा, रुई, ताग, गवेधु, वेळू आणि स्नायू. म्हणजे डिचोलीकर आणि पेडणेकार दोघांनाही जुना आधार आहे. यातली रुई तर आपल्या प्रत्येक माळरानावर, रस्त्याच्या कडेला उभी असते. तिच्या खोडाच्या सालीतून निघणारा धागा पांढरा, रेशमासारखा आणि फार चिवट असतो. मूर्वा म्हणजे कुंडीत लावतात त्या पट्टेवाल्या स्नेक प्लांटच्या कुळातली. कुळागरी, धनुष्य अस्सल होणार असेल तर दोरी नायलॉनची लावू नका.

सुताराचो_पूत | १६ जानेवारी

आता गाठ.

ओहोळात दगड असला की पाणी त्याला वळसा घालून पुढे मिळतं, तसे धागे गाठीभोवती जातात. तो वळसा अखंड राहिला तर गाठ असूनही भुजा टिकते. पाठीवर गाठीच्या जागी उंचवटा असेल. रंधा मारून तो सपाट करायचा मोह होईल. करू नका. उंचवटा कापला म्हणजे वळसा घालणारे सगळे धागे कापले. साल आणि तिच्या खालचा कोवळा थर तेवढा बोथट सुरीने खरवडून काढायचा आणि तिथे थांबायचं. बाहेरचं पांढरं लाकूड हीच पाठ.

आपल्याकडच्या कितीतरी झाडांत वाढीची वलयं सागासारखी स्पष्ट दिसत नाहीत. एकेका वलयाच्या मागे लागून पाठ कोरत बसण्यापेक्षा सालीखालची नैसर्गिक पाठ जशीच्या तशी ठेवलेली बरी.

रुंदीत, गाठ जेवढी आहे तेवढं लाकूड त्या ठिकाणी जास्तीचं सोडा, दोन्ही बाजूंना वाटून. भुजा तिथे फुगलेली दिसेल. अजगराने काही गिळल्यासारखी दिसली तरी हरकत नाही. जाडीही किंचित जास्त. गाठीची जागा वाकता कामा नये, वाकायचं काम तिच्या अलीकडच्या-पलीकडच्या लाकडाने करायचं. गाठ आतून कुजलेली निघाली तर कूज कोरून काढा, भोक राहू द्या. त्यात भुसा आणि गोंद भरला तर तो फक्त दिसण्यापुरता, त्याने ताकद येत नाही.

पेडणेकार | १६ जानेवारी

वाखुसा (वाचनखूण साठवली)! काका, हे कुठेतरी एकत्र लिहून काढा.

दर्यावर्दी | १६ जानेवारी

परदेशातली दोन उदाहरणं देतो, कारण कुळागरींच्या प्रश्नाला ती थेट लागू आहेत. १५४५ मध्ये इंग्लंडच्या किनार्‍याजवळ मेरी रोज हे लढाऊ जहाज बुडालं, १९८२ मध्ये वर काढलं. त्यात यू झाडाची शंभराहून जास्त धनुष्यं मिळाली. राजाच्या आरमारातला माल, तरी गाठी आहेत, आणि गाठींभोवती लाकूड जास्तीचं सोडलेलं आहे. म्हणजे काकांनी सांगितलं तेच.

दुसरं आल्प्समधलं. १९९१ मध्ये बर्फात पाच हजार वर्षांपूर्वीचा माणूस सापडला. त्याच्याजवळचं धनुष्य १.८२ मीटर लांब, तेही यूचं, आणि अर्धवट घडवलेलं होतं. त्यावर हत्याराचे घाव अजून दिसतात. आपण ज्या पायरीवर आज चर्चा करतोय, त्याच पायरीवर तो माणूस होता, हे वाचून माझ्या अंगावर काटा आला होता.

वाळपईची_अनघा | १७ जानेवारी

सगळं वाचलं. पण दमट हवेचं कोणीच कसं बोलत नाही? हे गोवा आहे, राजस्थान नव्हे. पावसात आमच्याकडे दाराच्या चौकटी फुगतात, कपाटातल्या चपलांना बुरशी येते. धनुष्याचं काय होईल?

रानवेडा_काणकोण | १७ जानेवारी

अनघाताई, लाखमोलाचा प्रश्न. लाकूड हवेतला दमटपणा घेतं आणि सोडतं, कितीही जुनं असो. हवेत ६५ टक्के आर्द्रता असेल तर लाकडात साधारण १२ टक्के पाणी राहतं. आपल्या जुलैतल्या ९० टक्क्यांत ते २० च्या जवळ जातं. ओलसर लाकडाचं पोट दाबाने कायमचं दबतं आणि धनुष्य दोरी काढली तरी वाकलेलंच राहतं. ८ ते १० टक्के हे उत्तम. तेवढं आपल्याकडे उघड्यावर कधीच होत नाही.

उपाय जुनाच आहे. सोट आधी सावलीत सुकवा, मग धनुष्याचा कच्चा आकार देऊन चुलीवरच्या माळ्यावर ठेवा. चूल नसेल तर लाकडी पेटीत जुन्या पद्धतीचा ६० वॅटचा बल्ब लावून, वर दोन भोकं ठेवून, त्यात ठेवा. काट्यावर वजन करत राहा. वजन उतरायचं थांबलं की लाकूड तयार. जास्त घाई केली तर चिरा पडतात, म्हणून पेटी शेवटी.

कुळागरी | १७ जानेवारी

देव बरें करूं सगळ्यांना. ठरलं, गाठ राहणार. आमच्या घरी चूल अजून पेटते, आंघोळीचं पाणी तिच्यावरच तापतं. कच्चा आकार देऊन तिच्यावर ठेवतो. काका, तोल काढायचं तेवढं सांगून ठेवा.

सुताराचो_पूत | १८ जानेवारी

सांगतो. सरळ लाकडात तोल काढणं, म्हणजे दोन्ही भुजा सारख्या वाकतील असं तासणं, हे डोळ्यांचं काम, वाकड्यात ते डोळ्यांना फसवणारं काम.

आधी हिशोब लक्षात ठेवा. रुंदी दहा टक्के कमी केली तर ताठपणा दहा टक्के कमी होतो. जाडीचं तसं नाही, तिथे घन लागतो. १८ मिलिमीटरच्या भुजेतून एक मिलिमीटर काढला की ताठपणा जवळजवळ १६ टक्के उतरतो. म्हणून शेवटच्या टप्प्यात रंधा बाजूला ठेवायचा. कानस, आणि तिच्यानंतर फुटक्या काचेची धार. काचेने खरवडलं की कागदासारखा पातळ छिलका निघतो, हवा तेवढाच.

भिंतीला खुंटी ठोकून मूठ त्यावर टेकवा, सैल लांब दोरी लावा, खालून कप्पीने ओढा आणि लांब उभं राहून बघा. आता फसगत कुठे होते? तुमच्या भुजेत मुळातच बाक आहे. ओढलं की तिथे जास्त वाकल्यासारखं दिसेल, पण तो बाक आधीचाच असेल. तिकडे लाकूड ठेवून शेजारी तासत बसलात तर शेजारची जागा कमकुवत होते. म्हणून दोरी न लावलेल्या धनुष्याचा आकार आधी भिंतीवर खडूने काढून ठेवा. मग ओढल्यावर प्रत्येक वीतभर जागा खडूच्या रेषेपासून किती सरकली ते बघा. आकार बघू नका, हालचाल बघा.

थोडं खरवडलं की वीस-तीस वेळा हलकं ओढून सोडायचं, लाकडाला बदल कळायला वेळ लागतो. हव्या त्या ओढीपेक्षा जास्त जोर एकदाही लावायचा नाही. तुम्हाला ४० पौंड हवेत, तर काट्यावर ४० दिसले की तिथेच थांबून खरवडायचं, मग दोरी कितीही कमी खाली आलेली असो. आणि बाण न लावता दोरी कधीही सोडायची नाही. बाणात जाणारी सगळी ताकद मग लाकडात परत येते.

पेडणेकार | १८ जानेवारी

काका, एक विनंती. आमच्या गावच्या काल्याला दशावतारातल्या रामाचं धनुष्य प्लायवूडचं असतं. असंच नागमोडी, हलकं, दहा पौंडांचं एखादं केलं तर रंगमंचावर काय शोभेल!

सुताराचो_पूत | १८ जानेवारी

जरूर करा, पण बाण द्यायचा नाही. नटाच्या समोर पहिल्या रांगेत पोरं बसलेली असतात. दहा पौंडही डोळ्याला पुरे.

डिचोलीकर | १९ जानेवारी

मी अजून बांबूवाला :) पण खडूच्या रेषेची युक्ती बांबूलाही वापरणार. कांड्याजवळ असाच भास होतो.

वाळपईची_अनघा | २२ ऑक्टोबर

धागा वर काढतेय. कुळागरी, पाऊस गेला, दसरा झाला. धनुष्याचं काय झालं?

कुळागरी | २३ ऑक्टोबर

अनघाताई, बरं झालं विचारलंत. तयार आहे, आणि रोज हातात आहे.

मेअखेर तोल काढून झाला. धागे काकांनी सांगितल्याप्रमाणे पाळले. मध्यरेषा काढली तेव्हा वरचं टोक बोटभर बाहेर पडत होतं, दोरी मुठीच्या कडेवरून जात होती. भाताच्या मोठ्या टोपावर झाकण ठेवून तेवढाच भाग वाफवला, शिकंजात धरला, दुसर्‍या दिवशी सोडला तर टोक जागेवर. मधलं वळण तसंच ठेवलं.

गाठीचं सांगतो. तिच्याभोवती भुजा आता रुंद फुगलेली आहे. पाठीवरचा उंचवटा हाताला गुळगुळीत लागतो, कारण तिथे हत्यार लावलंच नाही, फक्त साल निघाल्यावर सुती कापडाने घासला. ओढताना ती जागा हलत नाही, तिच्या दोन्ही बाजूंनी भुजा वाकते. खडूच्या रेषेशिवाय हे मला दिसलंच नसतं. उघड्या डोळ्यांना वळणाची जागाच सगळ्यांत कमजोर वाटत होती आणि प्रत्यक्षात ती सगळ्यांत ताठ निघाली.

ओढ मे महिन्यात २८ इंचांवर ४२ पौंड होती. जुलैत माळ्यावरून काढून मोजली तर ३७. आता परत ४० वर आली आहे. पावसात एकदाही दोरी चढवून ठेवली नाही, मोजायला चढवली आणि उतरवली. करंजेल तेल दोनदा पाजलं आहे. त्याने दमटपणा थांबत नाही, फक्त सावकाश आत जातो.

मेस्तांना नेऊन दाखवलं. त्यांनी पाठीवरून अंगठा फिरवला, गाठीपाशी थांबले, आणि विचारलं, "हे वाफवलंस कुठे?" मग तासभर बसून बोलत होते. नांगराच्या इसाडाला त्यांचे वडील मुद्दाम वाकडंच लाकूड शोधायचे, हे त्यांनीच सांगितलं.

सुताराचो_पूत | २३ ऑक्टोबर

४२ वरून ३७ आणि परत ४०. म्हणजे पोट फारसं दबलं नाही. छान काम. दोरी काढल्यावर मूळ आकारापेक्षा टोकं पोटाकडे किती वाकलेली राहतात?

कुळागरी | २३ ऑक्टोबर

इंचापेक्षा थोडं जास्त. थोडा वेळ ठेवलं की अर्ध्या इंचावर जातात.

सुताराचो_पूत | २३ ऑक्टोबर

मग काळजी नाही. माझ्याकडची सरळ धनुष्यंही याहून जास्त बाक धरून बसली आहेत.

मीनल_फोंडा | २३ ऑक्टोबर

आणि दोरी??

कुळागरी | २४ ऑक्टोबर

मीनलताई, रुई केली! खोडं सुकवून, साल सोलून, धागे सुटे करून तीन पदरी वळली आणि मेण चोळलं. चीक डोळ्यात जाऊ नये म्हणून हातमोजे घालूनच काम केलं, बाकीच्यांनीही तसंच करावं. नायलॉनपेक्षा ताणते कमी, त्यामुळे बाण खणखणीत सुटतो. दोरीच्या मधल्या भागाला वेगळा सुती धागा गुंडाळला आहे, कारण बाणाच्या खाचेने तिथे झीज होते. नुसत्या रुईची दोरी पावसात कशी वागेल ते पुढच्या वर्षी लिहीन.

मीनल_फोंडा | २४ ऑक्टोबर

वा! शाळेत मुलांना दाखवायला वीतभर तुकडा पाठवा. टपालखर्च माझा.

रानवेडा_काणकोण | २४ ऑक्टोबर

बाण कसले वापरताय?

कुळागरी | २४ ऑक्टोबर

सध्या बांबूच्या बारीक काठ्यांचे. चुलीच्या निखार्‍यावर सरळ केले, मागे मोरपिसं नाहीत, कोंबडीची पिसं लावली. काही बाण सरळ जातात, काही डावीकडे मारतात. सगळे दिसायला सारखेच आहेत.

डिचोलीकर | २४ ऑक्टोबर

आता माझा प्रांत आला! दिसायला सारखे असून उपयोग नाही, लवचीकपणा सारखा हवा. दोन खिळ्यांवर बाण आडवा ठेवा, मधोमध एक किलोचं वजन टांगा आणि किती खाली जातो ते मोजा. सारखं वाकणारे एका गठ्ठ्यात बांधा. धनुष्याला बाजूने वळसा घालून निघताना बाण वाकतो, ओढीच्या मानाने जास्त ताठ असेल तर उजव्या हाताने ओढणार्‍याचा डावीकडे जातो. तुमचे डावीकडे मारणारे बहुतेक ताठ आहेत. टोकाला थोडं वजन वाढवा किंवा मधून हलकेच खरवडा. बाणांसाठी वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहितो.